केराबाईच्या गळ्यातली राजाबाई

केराबाईचं लग्न झालं त्या दिवशी तिच्या गळ्यात दोन वस्तू पडल्या. एक काळ्या मण्यांची पोत आणि दुसरी राजाबाई. राजाबाई म्हणजे तिच्या नवऱ्याची, येडूची, पहिली बायको. वर्षापूर्वी बाळंतपणात गेली होती, पोटातल्या जिवासकट. पहिली मेली की दुसरीच्या गळ्यात तिची पुतळी घालायची, सोन्याची नाहीतर चांदीची, ज्याला जशी झेपेल तशी, ही आपल्याकडची रीत. तिला सवतीची पुतळी म्हणतात. मेलेलीचा जीव संसारात अडकलेला असतो, तिला रोज मान मिळाला की ती नवीला छळत नाही, असा त्यामागचा विचार. हा विचार कुण्या पुरुषाच्याच डोक्यातून निघाला असणार, कारण त्याच्या स्वतःच्या गळ्यात काहीच पडत नाही.

येडूचं गाव सोलापुराहून अक्कलकोटच्या वाटेवर. थोडी मेंढरं, कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा, आणि घरात आई दगडाबाई. असल्या घरात सोन्याची पुतळी आली कुठून, हा प्रश्न केराबाईला पडला होता. पण नव्या नवरीनं असलं विचारायचं नसतं. पुढं दगडाबाईनंच सांगितलं.

गावाबाहेर जुन्या वस्तीची पांढर, म्हणजे पडक्या घरांच्या मातीचं टेकाड, होती. धाब्याच्या घरांवर घालायला सारा गाव तिथली माती न्यायचा. राजाबाई गेली त्या उन्हाळ्यात येडू आणि त्याचे चुलतभाऊ माती खणत असताना फावड्याखाली एक गाडगं फुटलं आणि पिवळी नाणी सांडली. कुणाला सांगायचं नाही अशी बिरोबाची शपथ घेऊन सगळ्यांनी ती वाटून घेतली. चुलतभाऊ शहाणे. त्यांनी आपापला वाटा लांबच्या सोनारांच्या मुशीत घातला आणि मोकळे झाले. येडूही तेच करणार होता. पण त्याच्या वाट्याला आलेल्या एकुलत्या एक नाण्यावर बाईचं तोंड होतं. सरळ नाक, जराशी पुढं आलेली हनुवटी, आणि वेण्या डोक्यावर गुंडाळून बांधलेला अंबाडा. भोवतीनं कुठल्याशा मुलखाची अक्षरं. राजाबाई मेंढरांमागं जाताना केस अस्सेच वर बांधायची म्हणे. आणि नाण्याच्या उलट्या बाजूला एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, एका हातात कणसं, दुसऱ्या हातात पेटलेली दिवटी. खंडोबापुढं जागराला धरतात तशी.

येडूनं ते नाणं आईच्या हातावर ठेवलं आणि तो लहान पोरासारखा रडला. दगडाबाईनं दोन्ही बाजू निरखल्या, कपाळाला लावल्या. म्हणाली, "राजीच हाय. देवानं तिला दिवटी धराया घेतलीया."

पुढं लग्न ठरलं तेव्हा येडू नाणं घेऊन सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका सोनाराकडं गेला. सोनार म्हणाला, वितळवून चांगली नवी पुतळी करून देतो, ठसठशीत. येडूला राग आला. "मानूस वितळवत्यात व्हय?" त्यानं विचारलं. सोनारानं मुकाट्यानं कडी डकवून दिली.

तर अशी ही राजाबाई. मुखवट्याची बाजू लोकांना दिसेल अशी बाहेर, आणि दिवटीवालीची बाजू केराबाईच्या कातड्याला. सकाळी उठल्यावर कुंकू आधी पुतळीला, मग आपल्या कपाळाला. नवं लुगडं आलं की आधी पुतळीला लावायचं, मग नेसायचं. सणासुदीला पहिला घास पुतळीपुढं. येडू वाईट नव्हता. दारूला शिवत नव्हता, हात उगारत नव्हता. पण मेंढरं घेऊन लांब निघाला की जायच्या आधी केराबाईसमोर उभा राहायचा, दोन बोटांनी पुतळी धरायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "येतो गं राजा." तेवढा वेळ केराबाईनं मान पुढं काढून उभं राहायचं. तिला तो काही म्हणत नसे. दोघींना एकदम निरोप देता येतो हे त्याच्या कधी लक्षातच आलं नाही.

केराबाईची पहिली दोन्ही पोरं पाळण्यातच गेली. पहिलं गेलं तेव्हा बायका हळहळल्या. दुसरं गेलं तेव्हा त्यांनी पुतळीकडं बघितलं. दगडाबाईनं तोंडावरच सांगितलं, "तिचं पोर पोटातच ऱ्हायलं. तिला पोर पायजे हाय. तू दिली न्हाईस, तर ती न्हेती." तिसरी लेक झाली तेव्हा बारशालाच दगडाबाईनं पोरीला उचललं, केराबाईच्या छातीवरच्या त्या सोन्याच्या तोंडापुढं धरलं आणि खड्या आवाजात म्हणाली, "राजे, ही तुजी लेक. तुज्या वटीत घातली. केरा नुसती सांबाळंल."

पोरीचं नाव ठेवलं सोजर. ती बोलायला लागली तेव्हा तिला शिकवलं, ही पुतळी म्हणजे आई आणि ही केराबाई म्हणजे मावशी. दूध मावशीचं, कड मावशीची, आणि "आई" म्हणून पोर पापा घ्यायची तो सोन्याचा. सोजर मात्र जगली. चालली, पळायला लागली, कोकरांच्या मागं काट्याकुट्यातून हिंडली. त्यामुळं कुणाला काही बोलायला जागा राहिली नाही, केराबाईलासुद्धा नाही. रानात दुसरं कुणी नसलं की ती पदर पुतळीवर घट्ट लपेटून घ्यायची आणि पोरीच्या कानाशी लागायची, "आई म्हन. एकडाव म्हन." सोजर हसत म्हणायची. मग केराबाईच घाबरायची आणि दिवसभर पुतळीला मनातल्या मनात हात जोडायची.

पोर पाच वर्षांची झाली त्या संक्रांतीला सगळे सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेले. बांगड्यांच्या दुकानापाशी काळा कोट, डोळ्याला चष्मा असा एक गृहस्थ थबकला. त्यानं अदबीनं विचारलं, "बाई, हे गळ्यातलं जरा बघू का? लांबूनच बघतो." केराबाई मागं सरली. येडू मात्र फुलला. इतक्या वर्षांत राजाबाईची विचारपूस करणारा कुणी शहाणा माणूस त्याला भेटला नव्हता. "ही आमची थोरली," तो म्हणाला, आणि कुठं सापडली, कशी सापडली, सगळं सांगून मोकळा झाला. बिरोबाची शपथ जत्रेच्या धुळीत गेली.

तो गृहस्थ सरकारी होता. जुन्या नाण्यांचा जाणकार. जमिनीत सापडलेलं धन सरकारला कळवायचं असा कायदा आहे, हे येडूला फौजदार दारात आल्यावर कळलं. चुलतभावांची घरं उकरली, चुली उकरल्या. काही सापडलं नाही. त्यांचं सोनं बायकांच्या गळ्या-कानांत डोरली-फुलं होऊन बसलं होतं आणि त्याला तोंड नव्हतं. ज्यानं नाणं नाणं म्हणून ठेवलं, त्याची रोज पूजा केली, तोच तेवढा सापडला. फौजदार घरात शिरायच्या आधी येडूनं केराबाईला खूण केली होती आणि तिनं पुतळी पिठाच्या गाडग्यात दडवली होती. "सांगितलं ते खोटं हुतं," येडू फौजदाराला म्हणाला आणि त्यावर अडून बसला. त्याला दोरी बांधून सोलापूरला नेलं. जाताना फौजदार केराबाईला सांगून गेला, नाणं आणून दे, नवरा घेऊन जा.

एवढंच होतं बघा. पण केराबाईला भीती पडली ती त्या नाण्याची नाही. राजाबाईला घरातून काढली, तर सोजरचं काय? पोर तिच्या ओटीत आहे म्हणून जगली. ओटीच गेली तर? दगडाबाई तर सरळच म्हणाली, "येडू काय, आज न्हाय उद्या सुटंल. पर राजी गेली की पोर गेली. तू देऊ नगंस."

आणि खरं सांगायचं तर केराबाईच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नाही. गाडग्यातून पुतळी काढून पुन्हा गळ्यात घालायची वेळ आली तेव्हा तिचा हात पुढं होईना. मान हलकी झाली होती. सोजर कडेवर होती आणि दोघींच्या मध्ये कुणी नव्हतं. हे असंच राहिलं तर, असं तिला वाटून गेलं. त्या वाटण्याची तिला इतकी भीती बसली की दोन दिवस तिनं पोरीला जवळ घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती उठली, पुतळी पदरात बांधली आणि सोलापूरची वाट धरली. नवऱ्यासाठी निघालेय, असं तिनं दगडाबाईला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

कचेरीत तोच चष्मेवाला साहेब होता. माणूस चांगला. त्यानं बाईला बसायला सांगितलं, ती उभीच राहिली. नाण्यावरची हळदीकुंकवाची पुटं त्यानं ओल्या फडक्यानं पुसली, तेव्हा केराबाईला उगाच वाटलं, आता हिला राग येणार. भिंग लावून तो बराच वेळ बघत राहिला आणि त्याचा चेहरा उजळत गेला.

"ही कोन हाय?" केराबाईनं विचारलं. आयुष्यात साहेबाला विचारलेला हा तिचा पहिला प्रश्न.

"समुद्रापलीकडं फार पूर्वी रोम नावाचं मोठं राज्य होतं," साहेब म्हणाला. "तिथल्या राजाची ही राणी. फाउस्टिना नाव. ती वारली तेव्हा राजानं तिला देवी ठरवलं, देऊळ बांधलं आणि तिच्या नावाची नाणी पाडली. ही अक्षरं तेच सांगतात, देवी फाउस्टिना."

"म्हंजी मेलेली बायकूच की."

"हो. मेलेली बायकोच."

"मग त्या राजानं दुसरी केली?"

साहेबाला हसू आलं. "लग्न नाही केलं. पुढं एक बाई ठेवली होती म्हणतात."

"तिच्या गळ्यात घातलं हुतं का हे?"

साहेब हसायचा थांबला. "तेवढं कुणी लिहून ठेवलेलं नाही, बाई," तो म्हणाला.

केराबाईनं नाण्याकडं बोट केलं. "आन् ही पाठीमागची? दिवटीवाली?"

"ती त्यांची धान्याची देवी, म्हणून हातात कणसं. तिची एकुलती लेक पाताळाच्या राजानं पळवली. तेव्हा ही मशाल पेटवून साऱ्या पृथ्वीवर लेकीला शोधत हिंडली. मेलेल्या राणीला ह्या देवीचा मान दिलाय."

"घावली का लेक?"

"सापडली. पण वर्षातले अर्धेच महिने आईजवळ राहायची. बाकीचे पाताळात." साहेबानं नाणं कागदात गुंडाळलं, आणि कारकुनानं केराबाईचा अंगठा घेतला.

येडूला सोडलं. गिरणीचा भोंगा होत होता, माणसं लोंढ्यानं बाहेर पडत होती, आणि त्या गर्दीत त्यानं बायकोच्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं. "तुला कुनी सांगितलं हुतं द्याया?" तो म्हणाला. "म्या बसलो असतो की आत." एवढं बोलून तो पुढं चालायला लागला. गाव येईपर्यंत त्यानं मागं वळून बघितलं नाही, आणि घरी आल्यावरही कित्येक महिने तो तिच्याशी कामापुरताही बोलला नाही.

पाऊस सरता सरता गावात हिवताप आला. घरटी एकजण तरी अंथरुणाला होता. येडूच्या घरात सोजर पडली. गावभर ताप आहे हे त्या घरात कुणी ध्यानातच घेतलं नाही. पोरीचं अंग तव्यासारखं भाजत होतं, केराबाई ओल्या फडक्याच्या घड्या बदलत होती, आणि येडू उशाशी बसला होता. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "सायेब काय म्हनला तिच्याबद्दल?"

इतक्या दिवसांनी नवरा बोलला म्हणून केराबाईला भरून आलं. आणि तिला वाटलं, हीच वेळ आहे. ही राजाबाई नव्हेच, कुठल्या लांबच्या मुलखाची राणी आहे हे कळलं की ह्याच्या मनातलं भूत उतरेल. म्हणून तिनं सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. रोमचं राज्य, मेलेली राणी, राजानं तिला देवी केलं ते. आणि पाठीमागच्या बाईचंही सांगितलं. ती हातात मशाल घेऊन लेकीला हुडकत फिरते, असं साहेब म्हणाला.

चुलीपाशी बसलेली दगडाबाई उठून जवळ आली. "काय म्हनालीस?"

"लेकीला हुडकती म्हनं."

दगडाबाई हळूच म्हणाली, "आन् लेक कुटं हाय?"

तिघांनीही सोजरकडं बघितलं.

"आत्ती, तसं न्हवं," केराबाई म्हणाली. "ती दुसरीच हाय. तिचं नाव निराळं हाय. सायबाला समदं म्हाईत हाय."

"सायबाला नाव म्हाईत नसंल, पर काम त्यानं बरुबर सांगितलं," दगडाबाई म्हणाली. "राजीला तू भाईर काढलीस. आता ती दिवटी घिऊन पोरीला हुडकती. हितं आली की घिऊनच जाईल."

येडूनं दोन्ही हातांत डोकं धरलं. त्यातून वाट काय काढायची, हेही दगडाबाईनंच सांगितलं. पोर राजाबाईची, तर ती राजाबाईच्या माहेरी नेऊन घालायची, मैंदर्गीला, तिची आई बजाबाई हिच्या घरी. आपली लेक आपल्या आईपाशी सुखरूप आहे हे बघितलं की राजाबाई दिवटी विझवून गप बसेल.

"ती माजी हाय," केराबाई म्हणाली. "माज्या पोटची हाय."

"म्हनूनच मरंल," दगडाबाई म्हणाली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाईनं भांडायला हवं होतं, पोर घेऊन माहेरी पळायला हवं होतं, दवाखाना गाठायला हवा होता. मलाही वाटतं. पण ज्या बाईनं दोन पोरं मातीत घातलीत आणि तिसरं मांडीवर तापानं फणफणतंय, तिच्या जागी बसून हे म्हणता येत नाही. केराबाईचा स्वतःचाही विश्वास होता, ही ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. साहेबाचं बोलणं तिनं कानांनी ऐकलं होतं, आणि लग्नापासून दिवटीवालीची बाजू तिच्याच कातड्याला लागून होती. तिनंच पोरीला वाकळेत गुंडाळलं आणि तिनंच बैलगाडीत ठेवलं. केराबाईला बरोबर नेलं नाही. सख्खी आई मागं मागं दिसली तर राजाबाईला कळेल की पोर दुसरीची आहे, म्हणून तिनं मैंदर्गीची वेस ओलांडायची नाही, असा बजाबाईचा निरोप आला.

सोजर तिथं बरी झाली. हिवताप उतरतोच, गावातली बाकीची पोरंही घरच्या घरी बरी झाली. पण दगडाबाई मरेपर्यंत सांगत राहिली, बघा, उंबरा बदलला आणि ताप गेला.

केराबाईला त्यानंतर मूल झालं नाही. येडू मेंढरं घेऊन भीमेच्या अंगाला जायचा तो महिनोन्महिने यायचा नाही, आला तर अंगणात निजायचा. त्याच्यापुढं मान काढून उभं राहायचं कारणही संपलं होतं. बाई शेण काढायची, लोकर विंचरायची, लोकांच्या शेतात खुरपायला जायची. दर साली गड्ड्याच्या जत्रेला मात्र ती चुकायची नाही. एका साली बजाबाईचं बोट धरून चाललेली सोजर तिला लांबून दिसली. उंच झाली होती. अज्जी अज्जी करत मैंदर्गीच्या कानडीत काहीतरी मागत होती. काय मागत होती ते केराबाईला कळलं नाही. तिनं पदर पुढं ओढला आणि गर्दीत मागं राहिली.

सोजरचं लग्न ठरलं ते सोलापुरातल्या गिरणीवाल्याशी. लग्नही तिथंच, गिरणीच्या चाळीपुढं मांडव घालून. पोर आता दुसऱ्या घरची होणार, राजाबाईचा पाश सुटणार, म्हणून बजाबाईनं निरोप धाडला, केराला येऊ द्या. केराबाई आली. मांडवात नवरीच्या आईच्या जागी पाट मांडला होता. त्यावर खण, खणावर मुखवटा उठवलेला चांदीचा टाक. बजाबाईनं राजाबाईचा नवा करून घेतला होता. पहिलं हळदीकुंकू त्याला, पहिली ओटी त्याची. नवरी पाटाला वाकून नमस्कार करताना "आई, येते" म्हणाली आणि बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं.

केराबाई बायकांच्या घोळक्यात बसली होती, नवरीपासून चार हातांवर. सोजरचं कपाळ तिचं होतं, हसताना डाव्या गालाला पडणारी खळी तिची होती. कुणीही नीट बघितलं असतं तर कळलं असतं, पण लग्नात बायका दागिने बघतात. नवऱ्या मुलाची मावशी हळदीकुंकवाचं ताट फिरवत आली. नवं माणूस बघून ती थांबली, कुंकवाचं बोट तसंच हवेत धरून तिनं विचारलं, "तुमी पोरीच्या कोन?"

सोजरनं मान वळवून पाहिलं. पाटावरचा टाकही इकडंच तोंड करून होता. केराबाईनं आधी टाकाकडं बघितलं, मग लेकीकडं.

"मी व्हय?" ती म्हणाली. "मी तिच्या आईची सवत."